जेम्स ब्राऊन यांचे मृत्युपत्र आणि ‘घरचे भांडण’ नावाची सोयीची दंतकथा

१/ एखादा मोठा संगीतकार गेला आणि त्याच्या मिळकतीवरून खटले सुरू झाले, की त्या साऱ्याला ‘घरचे भांडण’ म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. अमेरिकन गायक जेम्स ब्राऊन यांच्या इस्टेटीचा पंधरा वर्षांचा वाद असाच सांगितला जातो: पत्नी, मुले, वकील आणि पैसा. ही मांडणी मुळातच चुकीची आहे. या वादात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा होता, ते ब्राऊन यांच्या घरचे नव्हतेच. #थ्रेड #इतिहास

२/ ब्राऊन यांचा जन्म ३ मे १९३३ रोजी साउथ कॅरोलिनातील बार्नवेल येथे झाला. बालपण जॉर्जियातील ऑगस्टा शहरात, एका नातेवाईक स्त्रीच्या कुंटणखान्यात आणि पराकोटीच्या दारिद्र्यात गेले. अंगावर धड कपडे नाहीत म्हणून शाळेतून घरी पाठवले जाण्याचा अपमान त्यांच्या वाट्याला आला. शिक्षण सातवीच्या आसपास संपले. सोळाव्या वर्षी चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगवास घडला आणि १९५२ साली सुटका झाली. ‘सोल’ आणि ‘फंक’ या संगीतप्रकारांचा हा शिल्पकार शाळेच्या दारातून परत पाठवला गेलेला मुलगा होता. पुढचे सारे समजण्यासाठी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

३/ शिक्षणाचा ध्यास हे त्यांना उतारवयात सुचलेले पुण्यकर्म नव्हते. १९६६ साली, कीर्तीच्या शिखरावर असताना, मुलांनी शाळा सोडू नये असे सांगणारे ‘डोन्ट बी अ ड्रॉपआउट’ हे गीत त्यांनी प्रसिद्ध केले आणि त्या मोहिमेच्या निमित्ताने उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांची भेट घेतली. मृत्युपत्रातील तरतुदीची मुळे तिच्या चौतीस वर्षे आधीच्या या कृतीत आहेत.

४/ १ ऑगस्ट २००० रोजी ब्राऊन यांनी मृत्युपत्रावर सही केली. त्याची रचना तीन पदरी होती. घरातील व वैयक्तिक वापराच्या वस्तू सहा सज्ञान मुलांना. नातवंडांच्या शिक्षणासाठी २० लाख डॉलरपर्यंतचा निधी. आणि उरलेले जवळजवळ सर्व, म्हणजे संगीताचे हक्क आणि स्वतःच्या नावाचे व प्रतिमेचे हक्कसुद्धा, साउथ कॅरोलिना व जॉर्जियातील गरजू मुलांच्या शिक्षणासाठी असलेल्या ‘आय फील गुड’ विश्वस्तनिधीला. जो वारस या व्यवस्थेला आव्हान देईल त्याने आपला वाटा गमवावा, असे कलमही त्यात होते. संदिग्धतेला जागा नव्हती.

५/ २५ डिसेंबर २००६ रोजी ते गेले. हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये आणि मग ऑगस्टात हजारोंनी अंत्यदर्शन घेतले. तरीही दफन मार्च २००७ पर्यंत लांबले. तोवर दावे दाखल होऊ लागले होते. विश्वस्तांनी ब्राऊन यांच्यावर गैरवाजवी दबाव आणून मृत्युपत्र करवून घेतले, असा काही मुलांचा आक्षेप होता. त्या मूळ विश्वस्तांना त्याच वर्षी पायउतार व्हावे लागले; एकावर पुढे फौजदारी कारवाईही झाली. रखवालदारच संशयास्पद निघाल्यामुळे ठेव लुटण्यास सर्वांना नैतिक सबब मिळाली.

६/ दुसरा दावा गायिका टॉमी रे हायनी यांचा. डिसेंबर २००१ मध्ये ब्राऊन यांच्याशी त्यांचा विवाहविधी झाला होता. मृत्युपत्र त्याआधीचे असल्यामुळे त्यात त्यांचा उल्लेख नव्हता, आणि २००१ सालीच जन्मलेल्या मुलाचाही नव्हता. मृत्युपत्रानंतर विवाह झालेल्या जोडीदाराला त्या राज्यात कायद्याने वाटा मागता येतो. म्हणून ‘त्या पत्नी होत्या की नव्हत्या?’ हा प्रश्न तेरा वर्षे न्यायालयात फिरत राहिला.

७/ या प्रश्नाची खरी किंमत मात्र अमेरिकेच्या १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात दडलेली होती. १९७८ पूर्वीच्या रचनांचे हक्क रचनाकाराने प्रकाशकाला दिलेले असले, तरी ५६ वर्षांनंतर ते परत घेण्याची मुभा हा कायदा देतो. रचनाकार हयात नसल्यास ही मुभा त्याच्या मृत्युपत्राने ठरत नाही. जोडीदार आणि मुले दोन्ही असतील तर निम्मी जोडीदाराची, निम्मी मुलांची. जोडीदार नसेल तर सगळी मुलांची. निधीला ज्या गीताचे नाव दिले, ते १९६५ सालचे. त्यात ५६ मिळवले की २०२१ येते. भांडण शोकाचे नव्हते, तारखांचे होते.

८/ आता या प्रकरणातील सर्वांत लज्जास्पद अध्याय. धर्मादाय निधीचे लाभार्थी अनाम असतात. ‘गरजू मुले’ वकील नेमू शकत नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने उभे राहण्याची जबाबदारी तेथे राज्याच्या ॲटर्नी जनरलवर असते. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांवर देखरेख ठेवण्याचे जे काम धर्मादाय आयुक्तांकडे असते, त्याच्याशी हे काही अंशी मिळतेजुळते आहे. साउथ कॅरोलिनाचे तत्कालीन ॲटर्नी जनरल हेन्री मॅकमास्टर यांनी मध्यस्थी करून तडजोड घडवली आणि २००९ साली कनिष्ठ न्यायालयाने ती मान्य केली.

९/ तडजोड अशी: सुमारे निम्मा हिस्सा धर्मादाय निधीला, सुमारे पाव हायनी यांना आणि उरलेला सज्ञान मुलांना. मृत्युपत्राने ज्यांना जवळजवळ सर्वस्व दिले होते त्या मुलांचा अर्धा घास त्यांच्याच रक्षकाने काढून दिला. शिवाय नव्या रचनेत निधीवर ॲटर्नी जनरल कार्यालयाचा वरचष्मा प्रस्थापित झाला. वृत्तपत्रांतून याचे वर्णन ‘वाद मिटला’ असे झाले. मिटला तो हक्क होता.

१०/ फेब्रुवारी २०१३ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तडजोड रद्द केली. ब्राऊन यांनी काळजीपूर्वक आखलेली योजना या तडजोडीने मोडीत काढली, आक्षेपांमागे अशा फेरवाटपाला पुरेल असा आधार नव्हता, आणि ॲटर्नी जनरलने आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली, असा त्या निकालाचा आशय होता. तडजोड हा सद्गुण खरा. पण ज्याचे जाते तो बैठकीत नसेल, तर तिला वाटमारी म्हणतात.

११/ यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला भावनिक: रक्ताच्या मुलांना डावलून परक्यांना देणे कोणता न्याय? ब्राऊन हे आदर्श पती किंवा पिता नव्हते. घरगुती हिंसाचाराच्या आरोपांची नोंद त्यांच्या चरित्रात आहे आणि ती पुसण्याचे कारण नाही. मृत्युपत्रानंतर जन्मलेल्या मुलाची बाजूही दुर्लक्षण्याजोगी नाही. परंतु वगळलेल्या अपत्यासाठी कायद्यात स्वतंत्र मार्ग आहे. एका मुलावरील अन्यायाचे निवारण करण्यासाठी हजारोंच्या शाळेचा पाया उकरण्याची गरज नव्हती.

१२/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मृताच्या इच्छेने जिवंतांना किती काळ बांधावे? आक्षेप योग्य आहे, पण तो उलट्या दिशेने लागू पडतो. मृताची इच्छा पवित्र असते म्हणून ती पाळायची नाही. या इच्छेने संपत्ती रक्ताच्या नात्याबाहेर, समाजाकडे वळवली, म्हणून तिचे रक्षण महत्त्वाचे. वारसाहक्क ही शतकानुशतके संपत्ती घरातच फिरती ठेवणारी यंत्रणा आहे. तिला क्वचितच पडणारी अशी एखादी फट बुजवण्याची घाई कोणाला असते, हे इतिहासात वारंवार दिसते.

१३/ १७ जून २०२० रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की हायनी या कायदेशीर पत्नी नव्हत्या. ब्राऊन यांच्याशी विवाह करण्यापूर्वी त्यांचा आधीचा विवाह न्यायालयाकडून रद्दबातल झालेला नव्हता. जुलै २०२१ मध्ये उरलेल्या पक्षांत समझोता झाला. डिसेंबर २०२१ मध्ये प्रायमरी वेव्ह या कंपनीने इस्टेट विकत घेतली. किंमत अंदाजे ९ कोटी डॉलर सांगितली गेली आणि त्यातून शिष्यवृत्त्यांना निधी मिळेल असे जाहीर झाले. म्हणजे शेवट गोड?

१४/ हिशेब वेगळा सांगतो. २०२० उजाडले तरी एकाही विद्यार्थ्याला या निधीतून शिष्यवृत्ती मिळालेली नव्हती. ब्राऊन गेले तेव्हा ऑगस्टातील जे मूल सहा वर्षांचे होते, ते इस्टेट विकली गेली तेव्हा एकवीस वर्षांचे झाले. त्याची शाळा संपली, महाविद्यालयाचे वय सरत आले. निधी टिकला, पण लाभार्थींची एक अख्खी पिढी निसटली. ती भरपाई कोणत्याही निकालपत्रात नाही, कारण ती पिढी वादी म्हणून कधी नोंदलीच गेली नव्हती.

१५/ ब्राऊन स्वतः निर्दोष नाहीत. विवाह झाला, मूल झाले, तरी मृत्युपत्र नव्याने केले नाही. विश्वस्त निवडताना विश्वास ठेवला, पण तपासणीची व्यवस्था भक्कम केली नाही. सदिच्छेला संस्थेचे रूप दिले नाही, तर ती पहिल्याच खटल्यात उघडी पडते. कलावंतांच्या नावाने न्यास काढणाऱ्या प्रत्येकाने यातून हा धडा घ्यावा.

१६/ तरीही मुख्य दोष भाषेचा. ‘घरचे भांडण’ म्हटले की बाहेरच्याने बोलू नये, हा संकेत आपोआप लागू होतो. सार्वजनिक ठेव खासगी होते, शासकीय कर्तव्यच्युती मध्यस्थी ठरते, आणि वाचक करमणूक म्हणून बातमी वाचतो. अपुऱ्या कपड्यांमुळे शाळेतून परत पाठवलेल्या एका मुलाने मरताना इतरांसाठी शाळेचे दार उघडे ठेवले होते. पंधरा वर्षे त्या दारात मोठी माणसे वाटणी करत बसली. याला भांडण म्हणणे हा त्या मुलांवरचा दुसरा अन्याय आहे.