फोटोला खळ लावू नका

मैत्रिणींनो, सासूबाईंच्या लग्नाचा एकुलता एक फोटो मी हौसेनं वहीत मैद्याच्या खळीने चिकटवला. आमच्या सानगडीचा पावसाळा दमट; दुसऱ्या वर्षी कसरीने त्यांचा पदरच खाल्ला! त्या बोलल्या काहीच नाहीत, पण वही पुन्हा मागितली नाही.

आता फोटोला खळ नाही नि चिकटपट्टीही नाही, ती पिवळी पडून डाग धरते. जुन्या लग्नपत्रिकेचे चार तिकोनी खिसे करा, तेवढेच वहीला चिकटवा अन् फोटोचे कोपरे त्यांत खोचा. मागे नावं, साल पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा.

शुभेच्छापत्राला मात्र खळ चालेल. आपल्या भंडाऱ्याकडच्या कोसा साडीची चिंधी लावायची असेल तर ती दाटच हवी. पातळ खळ कापडातून वर येते.