रानपिंगळा

घुबडाचें नांव काढिलें कीं सुशिक्षित घरांतही माणसें तोंड फिरवितात, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ‘पिंगळा’ या नांवांत अशुभ तें काय? संस्कृत ‘पिंगल’ म्हणजे पिंगट, इतकेंच. रानपिंगळा त्याच कुळांतला. परंतु त्याची रीत निराळी. डोक्यावर ठिपके फार थोडे, आणि शिकार भर दिवसां! ह्यूमसाहेबांनीं १८७३ सालीं त्यास ‘निराळें घुबड’ अशा अर्थाचें ग्रीक नांव देऊन पुढें ब्लुइटसाहेबांचें नांव जोडिलें. १८८४ नंतर तो कोणास खात्रीनें आढळला नाहीं; सांपडला तो १९९७ सालीं, शहाद्याजवळच्या रानांत. ११३ वर्षें! साहेबांचें नांव ग्रंथांत राहीलच. आम्हांस मात्र ‘रान’ हा शब्द अधिक मोलाचा वाटतो. जुनीं झाडें तुटलीं कीं ढोली गेल्या, आणि ढोलींवांचून त्याचें घरटें कोठलें? मुलांनीं रानांत जातांना गलोल घरीं ठेवावी, व आईबापांनीं त्यांस अपशकुनाच्या गोष्टी सांगूं नयेत. मेळघाट दूर आहे म्हणून कोणी हें मनावर घेणार नाहीं, तर २०१४ सालीं हा पक्षी ठाणें जिल्ह्यांतील तानसाच्या रानांतही दिसला आहे.