म्हाताऱ्यांचा नाच आणि शहाण्यांचे हसू

साठी उलटलेल्या स्त्रीपुरुषांसाठी नाचाचे वर्ग काढावेत, अशी सूचना बदनापूरच्या बाजारात कोणी मोठ्याने बोलून दाखवली, तर पहिले उत्तर मिळेल ते हशाचे. त्या हशात सावकार सामील असेल आणि मोर्चात पुढे चालणारा कार्यकर्ताही असेल. एक म्हणेल, हे वय हरिनाम घेण्याचे, कंबर हलवण्याचे नव्हे. दुसरा म्हणेल, जिने उभा जन्म खुरपे चालवले तिला आणखी व्यायाम कशाला? तिसरा, जो स्वतःला सर्वांत पुरोगामी समजतो, तो सांगेल की आधी पेन्शन वाढवा, नाचाचे मग पाहू. बोलणारे तीन, पण परिणाम एकच. म्हातारी ओट्यावर बसून राहते, बसून बसून तिचे पाय आटतात, आणि एके दिवशी न्हाणीतल्या ओल्या फरशीवर ती पडते.

पडणे ही गोष्ट आपल्याकडे नशिबाच्या खाती जमा केली जाते. वस्तुतः तिची कारणे वैद्यकशास्त्राला चांगली ठाऊक आहेत. वय वाढते तसे मांडीचे आणि पोटरीचे स्नायू झिजतात. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे वेगाने ठिसूळ होतात. तोल जाताच चटकन एक पाऊल बाजूला टाकून स्वतःला सावरण्याची जी सवय शरीराला असते ती मंदावते. त्यात मोतीबिंदू, रक्तदाबाच्या गोळ्यांनी येणारी भोवळ आणि अंधारातले शौचालय यांची भर पडते. खुब्याचे हाड मोडले की म्हातारे माणूस अंथरुणाला खिळते. मग पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते अंथरूण शेवटचे ठरते. ज्या घरात दोन कर्ती माणसे रोजाने जातात, तेथे एकाला घरी बसावे लागते. बुडालेल्या रोजाची नोंद कोणत्याही सरकारी वहीत होत नाही.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे वळले पाहिजे, कारण तो कष्टकऱ्यांच्या बाजूने बोलण्याचा आव आणतो. शेतात राबणाऱ्याला व्यायाम लागत नाही, हे म्हणणे मुळातच चूक आहे. १९७२ च्या दुष्काळात जी मुलगी पंधरा-सोळा वर्षांची होती ती आज सत्तरीच्या आसपास आहे. मराठवाड्यातल्या या पिढीने कोवळ्या वयात दुष्काळी कामावर खडी फोडली, पाझर तलावाच्या भरावावर मातीच्या पाट्या वाहिल्या आणि सुकडीवर दिवस काढले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला; त्याचे श्रेय अनेकांनी घेतले, पण ज्यांच्या मणक्यांवर तो उभा राहिला त्यांच्या मणक्यांचे पुढे काय झाले हे पाहायला कोणी आले नाही. त्यानंतर चार-पाच दशके खुरपणी, कापसाची वेचणी, डोक्यावरून पाणी आणि सरपण. हे सारे श्रम एकाच बाजूने, एकाच वाकाने, थकल्यावरही न थांबता केलेले. दिवसभर वाकून बसलेल्या गुडघ्याला खुरपणीने बळ येत नाही, तो झिजतो. व्यायाम शरीराला झेपेल एवढाच भार देतो आणि मग विसावा देतो. मजुरी शेताच्या आणि मुकादमाच्या सोयीने भार देते. या दोहोंना एकच समजणे म्हणजे पिळवणुकीला आरोग्याचे प्रमाणपत्र देणे होय.

नाचात नेमके तेच घडते जे खुरपणीत घडत नाही. शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जातो. पाऊल आडवे पडते, मागे पडते. अंग वळते आणि पुन्हा सरळ होते. ठेका ऐकायचा, पुढचे पाऊल लक्षात ठेवायचे आणि शेजारणीचा धक्का लागू द्यायचा नाही, ही तिन्ही कामे एकाच वेळी करावी लागत असल्यामुळे मेंदूही राबतो. २००३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातील पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ माणसांच्या दीर्घ पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शारीरिक छंदांपैकी एकट्या नृत्याचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी आढळला. २०१७ साली जर्मनीतील माग्देबुर्ग येथे वृद्धांच्या एका गटाला अठरा महिने सतत नवनवे नाच शिकवले आणि दुसऱ्याकडून नेहमीचा व्यायाम करून घेतला. मेंदूतील स्मरणाशी निगडित भाग दोन्ही गटांत वाढलेला दिसला, परंतु तोलाची लक्षणीय सुधारणा नाचणाऱ्यांतच दिसली.

प्रचाराच्या भरात यापेक्षा अधिक काही सांगू नये. माग्देबुर्गचा गट लहान होता. ब्रॉंक्सच्या पाहणीत ज्यांना आजार जडू लागला होता त्यांनीच नाच आधी सोडला असणे शक्य आहे. २०१९ साली जगभरच्या शंभरांहून अधिक चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. व्यायामाने, विशेषतः तोलाच्या व्यायामाने, म्हाताऱ्यांचे पडणे जवळजवळ पाव भागाने कमी होते हे तीत सिद्ध झाले. निव्वळ नाचापुरता पुरावा मात्र त्याच तपासणीला अपुरा वाटला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील माणसांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे हालचाल आणि तीन दिवस तोलाचा व बळाचा व्यायाम सांगितला आहे. तो व्यायाम वर्षानुवर्षे चालू राहिला पाहिजे, आणि एकट्याने भिंत धरून पाय उचलत राहणे कोणाला फार काळ जमत नाही. गाणे असेल, शेजारीण असेल, तर जमते. नाचाची शिफारस करायची ती याच कारणासाठी.

तिसरा आक्षेप भाकरीचा. त्यातील पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. श्रावणबाळ योजनेची रक्कम २०२३ साली महिना दीड हजार झाली. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत ऐंशीच्या आतल्या माणसाचा वाटा गेली कित्येक वर्षे दोनशे रुपयांवर अडकून पडला आहे. यासाठी लढलेच पाहिजे. परंतु ‘आधी भाकरी, मग बाकीचे’ हा युक्तिवाद चळवळीने कधी मान्य केला होता? नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १८९० साली रविवार मिळवला, तेव्हा कामगारांची पोटे भरलेली नव्हती. शेतमजूर बाईच्या शरीराला तो रविवार अजून मिळालेला नाही.

शहरात मात्र या गोष्टीचा बाजार केव्हाच मांडला गेला आहे. कोलंबियातील एका व्यायामशिक्षकाने लॅटिन अमेरिकेच्या लोकांच्या नाचांवरून बसवलेला झुंबा आज नोंदणीकृत व्यापारी नाव आहे. शिकवणाऱ्याने त्याच्या परवान्यासाठी पैसे भरायचे, शिकणाऱ्याने वर्गाची फी भरायची. म्हाताऱ्यांसाठी त्याचा वेगळा, सौम्य प्रकारही विक्रीस आहे. पुण्यामुंबईत मंगळागौरीचे खेळ करणारे पन्नाशी-साठीच्या स्त्रियांचे संच निघाले आहेत. त्या स्त्रियांना हसण्याचे काहीही कारण नाही; त्यांनी आपल्या गुडघ्यांचा हक्क बजावला आहे. हसावे ते अशा व्यवस्थेला, जिने पंचमीचा फेर, वारीतली पावली आणि तांड्यावरच्या बंजारा स्त्रियांचा तीजेचा नाच ज्या मातीत आहे तिथल्या म्हातारीला ओट्यावर बसवले आणि नाचण्याचे आरोग्य फी भरणाऱ्याच्या हवाली केले.

तरीही केवळ बाजाराला दोष देऊन भागणार नाही. म्हातारीला बसवणारे हात घरचेच आहेत. नवरा गेला की बाईने फेरात उभे राहायचे नाही, हळदीकुंकवाला जायचे नाही, गाण्यात आवाज मिसळायचा नाही. सत्तरीच्या स्त्रियांत विधवांची संख्या किती मोठी असते हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. म्हणजे ज्या वयात तोलाच्या व्यायामाची गरज सर्वाधिक, त्याच वयात रूढी बाईचे पाऊल बांधते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांना तोच कित्ता गिरवण्यास सांगितले. कुंकू आणि बांगड्यांची चर्चा त्यानंतर बरीच झाली, पायांची झाली नाही. दुसरी गाठ जातीची आहे. नाच हा काही विशिष्ट जातींच्या स्त्रियांनी पोटासाठी करायचा आणि इतरांनी पाहायचा, अशी वाटणी गावाने करून ठेवली. तमाशाला शिट्ट्या मारणारा गृहस्थ घरच्या म्हातारीने ठेका धरला तर अब्रू गेली म्हणतो. पुरुषाला निदान दिंडीत पावली खेळण्याची मुभा आहे. वारीतले सत्तरीचे म्हातारे पाहून लोक थक्क होतात; ज्यांना चालवत नाही ते घरी राहिलेले असतात, त्यांना कोणी पाहत नाही.

आणि सरकार? राज्याच्या वयोश्री योजनेतून २०२४ पासून पासष्टीपुढच्या गरिबाला एकदाच तीन हजार रुपये मिळतात, काठी, चष्मा, गुडघ्याचा पट्टा घेण्यासाठी. त्याच वर्षी तीर्थदर्शनासाठी माणशी तीस हजारांपर्यंत खर्चाची तयारी दाखवण्यात आली. देवदर्शनाला विरोध नाही. पण पाय मजबूत ठेवण्यापेक्षा पायांना गाडीत बसवणे मतपेटीला अधिक मानवते, हे या दोन आकड्यांवरून कळते. योजनेच्या कागदात योगोपचार केंद्राचे नाव आहे. बदनापूर तालुक्यातल्या वाडीवरची म्हातारी त्या केंद्रापर्यंत कोणत्या एसटीने जाणार?

क्यूबामध्ये १९८० च्या दशकापासून कुटुंब-डॉक्टरच्या देखरेखीखाली आजी-आजोबांची मंडळे चौकात, बागेत जमून व्यायाम करतात. श्रीमंत देश नव्हे तो. चीनमध्ये निवृत्त स्त्रिया रोज संध्याकाळी चौकात नाचतात. तेथल्या सरकारने २०१५ साली बारा ठरावीक नाच नेमून दिले, हा मात्र अतिरेक होता. म्हातारीने कोणत्या गाण्यावर नाचावे हे मंत्रालयाने ठरवू नये.

बदनापूर तालुक्यात यासाठी नवी इमारत लागत नाही. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर करून जी आरोग्य मंदिरे झाली, त्यांना नेमून दिलेल्या बारा सेवांत वृद्धांची काळजी आहेच. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने रक्तदाब पाहावा, छातीत दुखणाऱ्याला आणि भोवळ येणाऱ्याला आधी डॉक्टरकडे पाठवावे. शिकवणारी बाई गावातलीच असावी आणि तिला स्वतंत्र मानधन मिळावे. हे काम आशाताईंच्या डोक्यावर फुकट टाकण्याचा डाव कोणी केला तर तो हाणून पाडला पाहिजे. फुगडीची गरगर नको, ठिसूळ हाडांना ती झेपत नाही. संथ फेर, पावली, टिपऱ्या पुरेत. ज्याला उभे राहवत नाही त्याने खुर्ची धरावी. जोडपी ऊसतोडीला गेली की नातवंडे म्हाताऱ्यांच्या गळ्यात असतात; नातवंडेही फेरात येऊ द्यावीत, नाहीतर दिवाळीनंतर वर्ग रिकामा पडेल.

१ मेच्या ग्रामसभेत गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हा ठराव मांडावा. बदनापूर शहरात नगरपंचायत असल्याने तेथे वॉर्डातल्या नगरसेवकाला गाठावे लागेल. ठरावात शाळेचे किंवा मंदिराचे सपाट आवार, आठवड्यातील तीन संध्याकाळी, शिकवणारीचे मानधन आणि आवारात दिवा, एवढे स्पष्ट लिहावे. विधवांना आणि दलित वस्तीतल्या स्त्रियांना वेगळा दिवस देण्याची दुरुस्ती कोणी सुचवेल. ती मतास टाकून फेटाळून घ्यावी, आणि पहिल्या संध्याकाळी कार्यकर्त्याने आपल्या घरच्या म्हातारीला हात धरून तेथे न्यावे.