नदी सातबाऱ्यावर नसते

ताडोबाचा वाघ गाजला तसे चंद्रपूरकडच्या रानाला गिऱ्हाईक आले, आणि वाटणीचा विषय वर्षानुवर्षे टाळणारे वारस एकत्र बसू लागले. मालगुजाराचे नातू नागपुरात, पुण्यात, एखादा अमेरिकेत. जमीन मोठी, मोह-साग-ऐनाची झाडी, एका अंगाला नदी. दलाल ‘रिव्हर टच’ म्हणतो आणि एकरी भाव चढवतो. वारसांचे म्हणणे सरळ आहे: सातबारा आमच्या नावे, मग विकायला कोणाची हरकत?

विकण्याला माझी नाही. ‘बापजाद्यांची जमीन विकू नये’ असा गळा काढणाऱ्यांपैकी कितीजण तिथे भर मे महिन्यात फिरकतात? लांबून सारा भरायचा, अतिक्रमण झाले की तलाठ्याला फोन लावायचा आणि याला वारसा जपणे म्हणायचे, हे ढोंग झाले. माझा आक्षेप आहे तो भाव कशाचा लावला जातो त्याला.

नदीचे पात्र महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे सरकारचे. मालगुजारांची जंगले आणि तलाव 31 मार्च 1951 लाच सरकारजमा झाले. घराण्यांकडे उरली ती मुख्यतः सीर आणि खुदकाश्त, म्हणजे घरची कसायची जमीन. पुढे 30 ऑगस्ट 1975 ला खासगी वने संपादनाचा कायदा आला. वन कायद्याखालची नुसती नोटीस काढली म्हणून जमीन जात नाही, ती मालकावर बजावलेली हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गोदरेज खटल्यात सांगितले. तेव्हा काहींची सुटकाही होईल. इसार घेण्याआधी एवढे तपासावेच.

खरी गोम पुढे आहे. नदीकडे जाणारी पांदण, ढिवराचा डोंगा लागतो तो घाट, ढोरे पाण्यावर उतरतात ती उतरंड. मार्च-एप्रिलमध्ये दिवस उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन मोहाखाली बसलेल्या असतात. तारेचे कुंपण पडले की पहिल्याच हंगामात हे सगळे बंद. वारस म्हणतात, ‘ती आजोबांची मेहेरबानी होती.’ मेहेरबानी कसली? आजोबांच्या काळातच गावच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जात नोंदल्या जात होत्या, आणि आजच्या संहितेचे कलम 165 खासगी जमिनीतून जायच्या वाटेचा आणि खासगी पाण्यातल्या मासेमारीचा रिवाज लिहून ठेवायला सांगते. मोह वेचण्याचे नाव त्या कलमात नाही, हे खरे. पण वाट आणि मासेमारी आहे. वकिलाच्या सर्च रिपोर्टात हा कागद कधी डोकावत नाही, कारण तो मागितलाच जात नाही.

दुसरा दावा जास्त मानभावी आहे: पैसेवाला मालक जंगल गावापेक्षा चांगले राखेल. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, आणि 2013 मध्ये गावकऱ्यांनी आपापली शेतेही ग्रामदानात द्यायचे ठरवले. पैसेवाल्याची पत पाहायची तर 1969 चा कायदा पाहा: आदिवासींच्या मालकी झाडांची विक्री सरकारच्या देखरेखीखाली आणावी लागली, ती ठेकेदार कवडीमोलाने साग नेत होते म्हणून.

तेव्हा खुशाल विका. मात्र आधी तहसिलातून वाजिब-उल-अर्जाची नक्कल काढा. मोजणी करून पांदण आणि घाट गट क्रमांकासह खरेदीखतात घाला, मोहाखालची वहिवाटही लिहा आणि मसुदा ग्रामसभेत वाचून दाखवा. शेजारच्या आदिवासीचा तुकडा भलत्याच्या नावाने व्यवहारात ओढू नका. महसूल संहितेची कलमे 36 आणि 36-अ त्यासाठीच आहेत.

अशा अटींनी भाव उतरेल, ही शेवटची हरकत. उतरेलच. घाट तारेआड कोंडून जो वरचा भाव मिळतो तो घाट वापरणाऱ्यांच्या खिशातून निघतो, आणि खरेदीखतावर त्यांची सही कोणी घेतलेली नसते.