खाचरात पाणी आहे, तरी भात का कोमेजला?

आधी एक प्रश्न. पेण तालुक्यातल्या खारेपाटात, खाडीलगत, भाताचं एक खाचर आहे. लावणी होऊन आठवडा झालाय, रोपं छान उभी आहेत. अमावास्येच्या उधाणाला खारबंदिस्तीला खांड पडते आणि खाडीचं पाणी आत शिरतं. दोन-तीन दिवसांनी बघावं तर खाचर पाण्यानं भरलेलं, पण रोपं मात्र पाणी न मिळाल्यासारखी मलूल, पानांची टोकं सुकलेली. का?

दोन मिनिटं घ्या. गूगल करायचं नाही.

उत्तर तुम्ही-आम्ही सगळे शाळेत शिकलोय. परासरण, म्हणजे ऑस्मॉसिस. मुळांच्या पेशीतल्या रसापेक्षा बाहेरचं पाणी जास्त खारट झालं, की पाणी आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी मिसळतं म्हणून तिथे हे प्रमाण कमी असतं, पण भाताच्या कोवळ्या रोपाला तेवढंही खूप होतं. शिवाय सोडियम आत शिरून पेशींच्या कामकाजात घोळ घालतो तो वेगळाच. थोडक्यात, रोप पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं.

हा प्रश्न मी माझ्या मावसबहिणीला घातला होता. ती पेणला राहते, बारावी सायन्स, नीटची तयारी जोरात. प्लाझ्मोलिसिसची व्याख्या तिला इंग्रजीत, स्वल्पविरामासकट पाठ. तिनं सांगितलं, "जास्त पाणी झालं असेल रे दादा, मुळं कुजली असतील." मी म्हटलं, "अगं, भात तर पाण्यातच उभा असतो की!" थोडा वेळ विचार करून तिनं विचारलं, "हा कुठल्या चॅप्टरमधला आहे?"

पडवीत तिचे आजोबा बसले होते. आयुष्यभर खारेपाटात शेती केलेले. ते तिथूनच म्हणाले, "खारं पाणी पीक पीत नाही, उलट पिकातलंच पाणी ओढून घेतं. चार मोठे पाऊस झाले नि खार धुवून गेला तर वाचेल, नाहीतर गेलं." आजोबांना ऑस्मॉसिस हा शब्द माहीत नाही. नातीला तो तीन भाषांत माहीत आहे. पण दोघांना एकच पेपर दिला असता तर तो आजोबांनी सोडवला असता.

यात मुलीची हुशारी कमी आहे असं अजिबात नाही. 'कुठल्या चॅप्टरमधला' हे तिला आपण शिकवलंय. पुस्तकातले प्रश्न धड्याखाली येतात, म्हणजे उत्तर कुठून काढायचं ते प्रश्न वाचायच्या आधीच ठरलेलं असतं. क्लासच्या टेस्ट चॅप्टरवार. प्रश्नसंच चॅप्टरवार. मग एखाद्या प्रश्नात ऑस्मॉसिस हा शब्दच नसेल, नुसतं खाचर, खांड आणि कोमेजलेली रोपं असतील, तर डोक्यातला कप्पा उघडणार कसा? किल्ली शब्दाची होती आणि शब्द तर प्रश्नात नाहीच.

आपल्या धंद्यातल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. इंटरव्ह्यूसाठी दोनशे प्रॉब्लेम घोटून आलेला माणूस आणि रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडल्यावर लॉग वाचून नेमकं कुठे काय तुंबलंय हे सांगणारा माणूस, हे दोघं एकच असतील असं नाही. बगवर चॅप्टर नंबर लिहिलेला नसतो :-)

माझं म्हणणं एवढंच, की अनोळखी प्रश्नाची तयारी आणखी शंभर प्रश्न सोडवून होत नाही. तसं केल्यानं फक्त ओळखीच्या प्रश्नांची संख्या वाढते. अनोळखी प्रश्नाची तयारी होते ती रोज दिसणाऱ्या गोष्टी पुस्तकाच्या भाषेत वाचायची सवय लावून. आणि ही सवय लावायला पेण-रोह्यासारखी जागा नाही.

आता हेच ऑस्मॉसिस घ्या. पेणच्या बाजारात मीठ लावून वाळवलेली मासळी मिळते. ती महिनोन्‌महिने का टिकते? मिठामुळे माशातलं पाणी निघून जातं, आणि वर येऊन पडलेल्या जिवाणूच्या पेशीतूनही जातं. त्याला वाढायला पाणीच मिळत नाही. पेणचा पापड घ्या. उन्हात कडक वाळवलेला, वर मीठ, म्हणून बुरशीला वाव नाही. बरणीतलं लोणचं, तेच. आणि हॉस्पिटलात सलाईन साधारण ०.९ टक्के मिठाचंच का असतं, नुसतं शुद्ध पाणी शिरेत का सोडत नाहीत? पुन्हा तेच, फक्त उलट्या बाजूनं. नुसतं पाणी सोडलं तर ते तांबड्या पेशींत शिरेल आणि त्या फुगून फुटतील. खाचर, मासळी, पापड, सलाईन... प्रश्नसंचात हे चार वेगळे प्रश्न आहेत. ज्याला कळलं त्याला एकच.

पण नुसते कपडे बदललेला प्रश्न ही अनोळखीपणाची पहिली पायरी झाली. दुसरी पायरी म्हणजे दोन-तीन धडे एकमेकांत मिसळलेला प्रश्न. त्यासाठी रोह्याला जाऊ.

रोह्याची नदी कुंडलिका. शेजारी धाटावची औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचं नाव आहे. तर समजा, नदीच्या एका संथ डोहात सेंद्रिय सांडपाणी मिसळतंय आणि पाण्यावर शेवाळाचा हिरवा थर आहे. मासे मेलेले सापडतात ते पहाटे. दुपारी नाही. का?

इथे पाठांतर नुसतं अपुरं पडत नाही, ते चक्क फसवतं. 'गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो' हे वाक्य पाठ असेल तर उत्तर दुपार यायला हवं. 'झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन' हे अर्धवट वाक्य पाठ असेल तर आणखी गोंधळ, कारण श्वसन चोवीस तास चालूच असतं. आता हिशेब मांडा. डोहात ऑक्सिजन येतो कुठून? हवेतून थोडा, आणि शेवाळाकडून, पण फक्त उजेडात. जातो कुठे? मासे घेतात, शेवाळ स्वतः घेतं, आणि सांडपाण्यावर वाढलेले जिवाणू तर वखवखल्यासारखे घेतात. रात्रभर जमा जवळपास बंद आणि खर्च चालू. शिल्लक सगळ्यात कमी कधी? सूर्योदयाच्या जरा आधी. बँकेच्या पासबुकाइतकं सोपं आहे, पण प्रकाशसंश्लेषण एका धड्यात, श्वसन दुसऱ्या आणि प्रदूषण तिसऱ्याच धड्यात असल्यामुळे तिघांची गाठ कधी पडतच नाही.

अजून एक पाऊल पुढे जाता येईल. आपण पुण्या-मुंबईचे लोक कोलाडला राफ्टिंगला जातो, ते पाणी येतं भिऱ्याच्या टाटांच्या वीजकेंद्रातून. मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली पडून वीज करतं आणि कुंडलिकेत येतं. ते सुटलं की नदी खळाळते. मग आपल्या शिल्लकीचं काय होईल? खळाळत्या पाण्यात हवा मिसळते आणि सांडपाणीही पातळ होतं, म्हणजे जमेची बाजू वाढते. हा प्रश्न कुठल्याही गाईडात नसेल, आणि सोडवायला नवीन माहिती काडीचीही लागली नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळं ठीक आहे हो, पण परीक्षा अशी असते का? रास्त आक्षेप आहे. नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यातले ९० जीवशास्त्राचे, ७२० पैकी ३६० गुण. आपल्या एमएच-सीईटीत जीवशास्त्राचे १०० प्रश्न ९० मिनिटांत. प्रश्नाला एक मिनिटही नाही, तिथे डोहाचा हिशेब कोण मांडत बसणार? एनसीईआरटीचं पुस्तक ओळन्‌ओळ पाठ करा हा क्लासवाल्यांचा सल्ला चुकीचा नाही, त्या परीक्षेपुरता तो चालतो. आणि पाठांतर मुळात वाईट असंही मी म्हणणार नाही. श्वसन म्हणजे काय हेच माहीत नसेल तर हिशेब कशाचा मांडणार? आधी माल लागतो. पण माल गोदामात भरला म्हणजे दुकान चालू झालं असं नाही.

शिवाय वारं थोडं बदलतंय. सीबीएसईनं २०२४-२५ पासून अकरावी-बारावीच्या पेपरात आकलन आणि उपयोजनाच्या प्रश्नांचा वाटा ४० वरून ५० टक्क्यांवर नेला. जीवशास्त्र ऑलिंपियाड, जे २००८ साली मुंबईत भरलं होतं, तिथे तर कधी न पाहिलेल्या प्रयोगाचे आकडे हातात देऊन 'यावरून काय म्हणता येईल' हेच विचारतात.

मला यात खरी काळजी वाटते ती वेगळीच. ओळखीच्या प्रश्नांचा साठा ही विकत मिळणारी गोष्ट आहे. ज्याच्या आई-बापांकडे पैसे आहेत तो पनवेल-मुंबईचा मोठा क्लास लावणार, टेस्ट सिरीज घेणार, हजारो प्रश्न नजरेखालून घालणार. दिवा-रोहा गाडीनं जाऊन-येऊन शिकणाऱ्या, आणि वाटेत रोज दोन-तीन तास घालवणाऱ्या मुलीला त्या साठ्याच्या शर्यतीत जिंकता येणं अवघड आहे. ज्या पेपरात प्रश्न खरोखर कोणीच आधी पाहिलेला नाही, तो पेपर तिच्यासाठी जास्त न्यायाचा. तिथे सगळे एकाच रेषेवर उभे असतात.

अट एकच, प्रश्न 'अनोळखी' कोणाला आहे ते पेपर काढणाऱ्यानं बघितलं पाहिजे. वाईनच्या पिंपातलं यीस्ट किंवा हिमप्रदेशातलं अस्वल हे शहरी मुलानं निदान टीव्हीवर पाहिलेलं असतं. एकदा खांड पडलेल्या खाचराचा प्रश्न टाकून बघा की, दादरच्या मुलांनाही कळू दे अनोळखी म्हणजे काय ते!

बरं, त्या मुलीची आणखी एक अडचण. दहावीपर्यंत मराठीत 'परासरण' शिकलेलं, अकरावीत ते 'ऑस्मॉसिस' होतं, आणि घरचे त्यालाच 'खार लागला' म्हणतात. या तिन्ही गोष्टी एकच आहेत हे वर्गात कोणी तरी एकदा मोठ्यानं सांगायला हवं. पाच मिनिटांचं काम आहे.

परीक्षा आणि समज यांचं वैर असायलाच हवं असंही नाही. रोह्यानंच याचं उदाहरण दिलंय. चिंतामणराव देशमुखांचं बालपण रोह्यात गेलं. १९१२ साली मॅट्रिकला पहिले. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र घेऊन १९१७ साली पदवी, वर वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक. मग आयसीएसलाही पहिले. पुढे १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स परिषदेतल्या भारतीय शिष्टमंडळात, १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. परीक्षा कशा द्याव्यात हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पण फाळणीनंतर एका मध्यवर्ती बँकेची दोन देशांत वाटणी कशी करायची, हा प्रश्न कुठल्या चॅप्टरमधला होता?

असो. उपदेश नको, थोडं कामाचं सांगतो. तुमच्या घरात कोणी भाऊ-बहीण, भाचा-पुतणी बारावीला असेल तर रविवारी अर्धा तास एवढंच करा. आजूबाजूची एक गोष्ट निवडा. त्यात जिवंत काय आहे ते विचारा. त्याच्या आत काय येतंय, बाहेर काय जातंय ते कागदावर मांडायला लावा. मग एकच गोष्ट बदला (पाणी खारट करा, रात्र करा, ऊन वाढवा) आणि विचारा, आता वाढेल, कमी होईल की तसंच राहील? पुस्तक उघडायचं ते उत्तर दिल्यावर, आधी नाही. चुकलं तर कुठलं गृहीतक चुकलं ते शोधायचं. आपण टेस्ट केस लिहितो तसंच.

सुरुवातीला हा घ्या. खारेपाटात पडीक राहिलेल्या खाचरांत काही वर्षांनी तिवरं उगवतात. ज्या पाण्यानं भात मेला त्याच पाण्यात, हवा न शिरणाऱ्या त्याच चिखलात, तिवर मजेत वाढतं. मग भाताला जमलं नाही असं तिवराला काय काय जमायला हवं? आधी यादी करा. नंतर कधी पेणला उतरलात तर खाडीच्या काठी जाऊन तिवराचं एक पान तोडा, त्यावरून बोट फिरवा आणि चाखून बघा. यादीतलं निदान एक उत्तर तिथे लिहिलेलं आहे.