शिरस्त्राणाचा भार कोणी हलका करावा?

हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की पुण्याकडील सुशिक्षित गृहस्थही मानेचे दुखणे, झाकलेले कान आणि घामाचा त्रास अशी कैफियत मांडू लागतो; २०१९ च्या आरंभी पुण्यात सक्तीची मोहीम निघाली, तरी या कैफियतीत फरक पडला नाही. ती कैफियत खोटी आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक पायदळानेही पुष्कळसे हेच सोसले होते.

इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेले कोरिंथियन शिरस्त्राण कांस्याच्या एकाच तुकड्यातून, पुनःपुन्हा तापवून व ठोकून घडविले जाई. नाकावर उतरलेली पट्टी, गाल झाकणारे पाखे, डोळ्यांपुरती फट, आत मऊ अस्तर, आणि वजन साधारणतः एक ते दोन किलो. ठोक्यांनी धातू कठीण होतो व तापविल्याने पुन्हा नरमतो, हे कसबा पेठेतील तांबटांस किंवा चाकणच्या प्रेस शॉपमधील कामगारास समजावून सांगावे लागत नाही. डोके सुरक्षित राही, परंतु कान झाकल्यामुळे हुकूम नीट ऐकू येत नसे आणि बाजूचे दिसत नसे. म्हणून लढाई नसताना ते कपाळावर सरकवून ठेवीत, जसे ग्रीक सेनानी पेरिक्लीजच्या सुप्रसिद्ध अर्धपुतळ्यात दिसते. (आपल्याकडे हेल्मेट आरशाला लटकते, पेरिक्लीजचे निदान डोक्यावर तरी होते.)

ग्रीक कारागिरांनी या गैरसोयीची दखल घेऊन कानांपाशी खाच ठेवलेले चाल्सिडियन शिरस्त्राण घडविले, आणि पुढे स्पार्टाच्या पायदळात चेहरा सर्वस्वी उघडा ठेवणारी शंकूच्या आकाराची ‘पिलोस’ टोपी रूढ झाली.

आपल्याकडे त्याच तक्रारीचे उत्तर दंडाच्या पावतीने दिले जाते. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ आणि १ जून २०२१ पासूनची आयएसआय चिन्हाची सक्ती, दोन्ही रास्तच आहेत, आणि घामाच्या सबबीवर कोणास सूट देण्याचे कारण नाही; परंतु मे महिन्यात दुपारच्या पाळीसाठी निघून तळेगाव-चाकण रस्त्यावरील कोंडीत कंटेनरांमध्ये अडकलेल्या कामगारास वारा त्या पावतीने मिळत नाही. ज्या पट्ट्यात दुचाकी तयार होतात आणि वाहनांची चाचणी घेणाऱ्या एआरएआयचे केंद्रही आहे, तेथील कारखानदारांनी हेल्मेटची पारख याच रस्त्यावर, याच उन्हात, पाळीच्या कामगारांकडून करवून घ्यावी आणि त्यांचा अभिप्राय पाहूनच ठोक खरेदीच्या दरखास्तीवर सही करावी.