ग्रबच्या मेनूत आकडा नको, ओळख हवी

एकाच संगणकावर डेबियन आणि विंडोज. चालू करताच विंडोज यावे म्हणून अॅडमिनने ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलीत ‘ग्रब_डिफॉल्ट=२’ लिहून ठेवले. मोजणी शून्यापासून: डेबियन शून्य, प्रगत पर्याय एक, विंडोज दोन. काही महिन्यांनी कुणीतरी रॅम तपासायला मेमटेस्ट बसवले. मेमटेस्टची स्क्रिप्ट २० क्रमांकाची, तर विंडोज शोधून काढणाऱ्या ओएस-प्रोबरची ३० क्रमांकाची. त्यामुळे मेमटेस्टची नोंद विंडोजच्या आधी येऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक चालू केला, तर पडद्यावर मेमरीची तपासणी.

ग्रबने सांगितलेले तंतोतंत केले. चूक आकड्यावर विसंबण्यात होती.

२०२१ साली आलेल्या ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. दुसऱ्या विभाजनांत डोकावण्यात सुरक्षेचा धोका आहे, हे त्यामागचे कारण योग्यच आहे. मात्र मेनूतून विंडोज गायब झालेले पाहून अनेकांचा हात थेट ‘ग्रब.सीएफजी’कडे जातो. ही फाइल हाताने बदलू नये, अशी सूचना तिच्या माथ्यावरच असते. पुढचा कर्नल आला की ती नव्याने तयार होते आणि केलेली मेहनत पुसली जाते.

स्वतःची नोंद लिहायची जागा ‘/ईटीसी/ग्रब.डी’मधली ‘४०_कस्टम’. तिच्या दुसऱ्या ओळीतली ‘टेल’ आज्ञा तिसऱ्या ओळीपासूनचा मजकूर जसाच्या तसा ‘ग्रब.सीएफजी’त उतरवते. तिथे ‘मेनूएंट्री’ लिहिताना ‘--आयडी’ जरूर द्यावा आणि ‘ग्रब_डिफॉल्ट’मध्ये तोच आयडी घालावा. मग आधी कितीही नोंदी आल्या, तरी निवड हलत नाही. डिस्कसुद्धा ‘एचडी०’ अशा नावाने न धरता ‘सर्च’ आज्ञेला यूयूआयडी देऊन शोधावी. पेनड्राइव्ह लावून संगणक चालू केला की डिस्कचे क्रमांक बदलू शकतात.

बदल करण्यापूर्वी प्रत काढून ठेवण्याची सवय चांगली, पण इथे ती त्याच फोल्डरात ठेवू नये. ‘४०_कस्टम.बॅक’लाही एक्झिक्यूट परवानगी असते, त्यामुळे ग्रब तीही चालवतो आणि मेनूत त्याच नोंदी दोनदा दिसतात. प्रत होम फोल्डरात ठेवावी, ‘अपडेट-ग्रब’ चालवावे, तयार झालेली फाइल ‘ग्रब-स्क्रिप्ट-चेक’ने तपासावी आणि मगच रीबूट करावे. सर्व्हर दूरच्या डेटा सेंटरमध्ये असेल, तर ही तपासणी अजिबात टाळू नये. तिथे मेनूसमोर बसून ‘ई’ दाबायला कुणी नसते.